साठ गोलांचा धनी : डिक्सी डीन

विक्रम हे मोडण्यासाठीच असतात, असे आपण सहज बोलून जातो. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना मात्र या नियमाचा एक अपवाद तोंडपाठ आहे, तो म्हणजे डॉन ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी. इंग्लंडमधील फुटबॉललाही असाच एक अपवाद लाभलेला आहे. तिथल्या सर्वोच्च श्रेणीच्या साखळीत एका हंगामात एकाच खेळाडूने केलेले ६० गोल, हा तो आकडा. तो लिहिला गेला ५ मे १९२८ रोजी आणि लिहिणारा होता अवघ्या एकवीस वर्षांचा एक रेल्वे कामगाराचा मुलगा. त्यानंतर अॅस्टन व्हिलाच्या पाँगो वॉरिंगने १९३०-३१ मध्ये ४९ पर्यंत मजल मारली, जिमी ग्रीव्ह्जने १९६०-६१ मध्ये ४१ गोल केले आणि अर्लिंग हालांडने २०२२-२३ मध्ये ३६ गोल करून प्रीमियर लीगचा नवा विक्रम केला, तेव्हा साऱ्या जगाने तोंडात बोटे घातली. साठच्या आसपास कोणी फिरकलेले नाही.

या साठ गोलांच्या धन्याचे नाव विल्यम राल्फ डीन. जग त्याला डिक्सी डीन म्हणून ओळखते. गंमत अशी की, हे टोपणनाव त्याला कधीच आवडले नाही. सावळा वर्ण आणि काळे कुरळे केस यांमुळे कोणीतरी ते त्याला चिकटवले, असे मानले जाते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रांतांना डिक्सी म्हणत आणि तिथल्या कृष्णवर्णीयांशी लावलेला तो सांधा त्याला टोचत असे. ओळखीच्या माणसांनी आपल्याला बिल म्हणावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. प्रेक्षकांनी ती कधी पुरी केली नाही.

डीनचा जन्म २२ जानेवारी १९०७ रोजी बर्कनहेड येथे झाला. मर्सी नदीच्या एका तीरावर लिव्हरपूल आणि दुसऱ्या तीरावर हे गोद्यांचे, जहाजबांधणीचे, कष्टकऱ्यांचे गाव. वडील रेल्वेत इंजिन चालवीत. घर लहान आणि माणसे अधिक. पहाटे दूध पोहोचवून चार पैसे घरी आणण्याचे काम या मुलाने लहान वयातच पत्करले. तो आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला नदीपलीकडे नेऊन एव्हर्टन क्लबचा सामना दाखवला. १९१४-१५ चा तो हंगाम आणि त्या वर्षी एव्हर्टन विजेता ठरला. त्या दिवसानंतर या मुलाने दुसऱ्या कोणत्याही क्लबचे स्वप्न पाहिले नाही.

शाळेत त्याचे मन रमले नाही. अकराव्या वर्षी तो अल्बर्ट इंडस्ट्रियल स्कूलमध्ये दाखल झाला. ही वाट चुकलेल्या मुलांना सुधारण्यासाठी काढलेली निवासी शाळा होती. डीनने कोणताही गुन्हा केला नव्हता. तिथे खेळायला मैदान होते आणि घरातले एक तोंड कमी होत होते, एवढीच दोन कारणे. पण आपण या मुलांत वेगळे दिसू नये म्हणून त्याने सोबत्यांना सांगून टाकले की, मलाही चोरी करताना पकडले आहे! फुटबॉलसाठी चोरीचा आळ स्वतःहून ओढवून घेणारा हा बहुधा एकमेव विक्रमवीर असावा.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि वडिलांच्याच रेल्वे कंपनीत फिटरच्या हाताखाली तो उमेदवारी करू लागला. तिथेही त्याने हिशेब मांडला तो चेंडूचाच. दिवस मोकळा राहावा म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतली. इतरांना ती नको असे, कारण इंजिनांच्या शेडमध्ये रात्री घुशींचा सुळसुळाट चाले. डीनला त्यांचे भय नव्हते. उलट लाथेने त्यांना भिंतीवर भिरकावण्यात त्याचा पाय तयार होत गेला. त्याच्या वरिष्ठांची मुले जवळच्या न्यू ब्रायटन क्लबच्या संचालकांपैकी होती आणि हा पोरगा आपल्याकडे यावा असे त्यांना वाटत होते. त्याने मात्र १९२३ मध्ये ट्रानमेअर रोव्हर्सची वाट धरली. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

ट्रानमेअर हा तिसऱ्या श्रेणीतला क्लब. तिथे खेळ कमी आणि मारामारी अधिक, असा तो काळ होता. १९२४ मध्ये राखीव संघाच्या एका सामन्यात प्रतिस्पर्धी बचावपटूने अशी काही लाथ घातली की, डीनला शस्त्रक्रियेत एक वृषण गमवावे लागले. पुढे अनेक वर्षांनी चेस्टरच्या एका गुत्त्यात त्याच माणसाशी गाठ पडली आणि डीनने जुनी उधारी ठोशाने चुकती केली, अशी कथा सांगितली जाते. मैदानावर मात्र त्याने कोणाचीही उधारी ठेवली नाही आणि फेडलीही नाही. एवढ्या लाथा खाऊनही कारकिर्दीत एकदाही पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले नाही, ही गोष्ट त्याच्या गोलांइतकीच नोंद घेण्याजोगी आहे.

१९२४-२५ च्या हंगामात ट्रानमेअरसाठी २७ साखळी सामन्यांत त्याने २७ गोल केले. मोठमोठे क्लब दारात उभे राहिले. मार्च १९२५ मध्ये एव्हर्टनचे सचिव भेटायला आल्याचा निरोप मिळाला, तेव्हा डीनने वाहनाची वाट पाहिली नाही. घरापासून नदीकाठच्या हॉटेलापर्यंतचे अंतर त्याने धावत कापले. सौदा ३००० पौंडांना ठरला. त्यातला दहावा हिस्सा आपल्या आईवडिलांना मिळावा, असे त्याने क्लबच्या व्यवस्थापकाकडे आधीच बोलून ठेवले होते. हातात पडले ते ३० पौंड. फुटबॉलच्या व्यवहारात चेंडू खेळाडूकडे असतो, पण पैसा नव्हे, हा धडा त्याला अठराव्या वर्षीच मिळाला.

त्या सुमारास खेळाच्या नियमांतही एक मोठी उलथापालथ झाली. तोवर आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत, अन्यथा ऑफसाइड. चतुर बचावपटूंनी या नियमाचा असा फास केला होता की, सामने मैदानाच्या मध्यावरच गुदमरू लागले. १९२५ च्या उन्हाळ्यात तीनाचे दोन करण्यात आले. परिणाम तत्काळ दिसला. इंग्लंडच्या साखळीतील चार विभागांत मिळून आदल्या हंगामात ४७०० गोल झाले होते, ते एका वर्षात ६३७३ वर गेले. डीनच्या मोठेपणातून या नियमाचा वाटा वजा करावा लागतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण तो नियम सगळ्यांनाच लागू होता आणि साठ गोल करणारा सर्वोच्च श्रेणीत एकच निघाला.

एव्हर्टनमधल्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याने ३२ साखळी गोल केले आणि १९२६ च्या उन्हाळ्यात सारे संपल्यासारखे झाले. उत्तर वेल्समध्ये मैत्रिणीला मागे बसवून मोटरसायकलवरून जात असताना त्याला भीषण अपघात झाला. कवटीला तडा गेला, जबडा मोडला. छत्तीस तास तो बेशुद्ध होता. हा मुलगा जगेल की नाही, याचीच डॉक्टरांना शंका होती. जगला तरी फुटबॉल खेळणे नाही, आणि डोक्याने चेंडू मारणे तर नाहीच नाही, असेच सर्वांचे मत होते.

इथे त्या काळच्या चेंडूविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आजचा चेंडू पाणी पीत नाही. तेव्हाचा चेंडू जाड कातड्याचा, तोंडाशी वाद्यांनी शिवलेला असे. पावसात भिजला की तो दगडासारखा जड होई आणि वादीचा भाग कपाळावर आला तर रक्त निघे. असा चेंडू हवेतून वेगाने येत असताना उसळी घेऊन त्याला कपाळाने दिशा देणे, हेच डीनचे खास अस्त्र होते. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे अवाढव्य नव्हे. पण इतरांच्या आधी हवेत झेपावून तिथेच क्षणभर थबकल्याचा भास तो निर्माण करी आणि मानेच्या एका झटक्यात चेंडू गोलरक्षकापासून दूरच्या कोपऱ्यात पाठवी. तडकलेल्या कवटीचा मालक हे पुन्हा करू शकेल, यावर कोण विश्वास ठेवणार?

ऑक्टोबर १९२६ मध्ये तो परतला. लीड्स युनायटेडविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने गोल केला आणि तोही डोक्याने. गर्दीत लगेच आख्यायिका पसरली की, डॉक्टरांनी त्याच्या डोक्यात पोलादी पत्रा बसवला असून हेडरमागचे बळ त्याचेच आहे. तसे काहीही नव्हते. पण खरे कारण समजून घेण्यापेक्षा पत्र्याची कथा सांगणे लोकांना सोपे वाटले असावे.

त्याच हंगामात इंग्लंडच्या संघाचे दार उघडले. फेब्रुवारी १९२७ मध्ये वेल्सविरुद्ध पदार्पणातच दोन गोल, एप्रिलमध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडविरुद्ध पुन्हा दोन. तो सामना इंग्लंडने २-१ असा जिंकला आणि १९०४ नंतर प्रथमच स्कॉटलंडच्या भूमीवर त्यांच्यावर विजय मिळवला. पहिल्या पाच आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याचे १२ गोल झाले होते.

मग आला १९२७-२८ चा हंगाम. पहिल्या नऊच्या नऊ साखळी सामन्यांत डीनने गोल केला. त्यांतला नववा सामना मँचेस्टर युनायटेडशी होता. तो एव्हर्टनने ५-२ असा जिंकला आणि पाचही गोल एकट्या डीनचे होते. हिवाळा सरता सरता लोकांची बोटे मोजू लागली. सर्वोच्च श्रेणीचा विक्रम ब्लॅकबर्नच्या टेड हार्परचा, ४३ गोलांचा होता. तो मागे पडला. आता समोर होता मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने आदल्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत केलेला ५९ गोलांचा डोंगर. ज्या विक्रमाला एक वर्षही पुरते झाले नव्हते, तो मोडू शकेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

हा हंगाम डीनसाठी निव्वळ गोलांची बरसात होता, असे मात्र समजू नये. ३१ मार्च रोजी वेम्बलीवर स्कॉटलंडने इंग्लंडचा ५-१ असा धुव्वा उडवला. स्कॉटलंडच्या त्या ठेंगण्या, चपळ आघाडीला इतिहास आजही वेम्बलीचे जादूगार म्हणून ओळखतो. इंग्लंडच्या आघाडीच्या मधोमध त्या दिवशी डीनच उभा होता आणि त्याला एकही गोल करता आला नाही.

शेवटून दुसरा सामना बर्नलीच्या मैदानावर झाला. डीनने चार गोल केले आणि त्याचा आकडा ५७ वर गेला. पण मांडीचा स्नायू दुखावला. आठवडाभरावर शेवटचा सामना होता. एव्हर्टनचे प्रशिक्षक हॅरी कुक यांनी त्या मांडीची जी शुश्रूषा केली, ती विक्रमाच्या यादीत कुठेही लिहिलेली नाही. रात्र रात्र जागून ते गरम लेपाच्या पट्ट्या बदलत राहिले.

५ मे १९२८. गुडिसन पार्कवर ४८ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. एव्हर्टनचे विजेतेपद आधीच निश्चित झाले होते, त्यामुळे सामन्याच्या निकालाला कोणी विचारीत नव्हते. समोर होता आर्सेनल, आणि त्यांचा नामांकित कर्णधार चार्ली बुकन आपला अखेरचा सामना खेळत होता. आर्सेनलने सुरुवातीलाच गोल केला. डीनने काही वेळातच बरोबरी साधली. ५८. मग पेनल्टी मिळाली. मैदानावर असे शांत क्षण क्वचितच येतात. डीनने चेंडू जाळ्यात घातला. ५९, कॅमसेलशी बरोबरी. आर्सेनलनेही पुन्हा बरोबरी साधली आणि मग घड्याळ धावू लागले. उत्तरार्ध सरत आला तरी साठावा गोल होईना. आर्सेनलच्या बचावफळीने त्याच्याभोवती वेढाच घातला होता. दुसऱ्याच्या विक्रमाचे साक्षीदार व्हावे, पण बळी होऊ नये, ही भावना स्वाभाविकच.

शेवटची काही मिनिटे उरली असताना एव्हर्टनला कॉर्नर मिळाला. डाव्या बगलेवर अॅलेक ट्रूप नावाचा ठेंगणा स्कॉटिश खेळाडू होता. त्याचा खांदा वारंवार निखळत असे, म्हणून पट्ट्यांनी आवळून तो मैदानात उतरे. हंगामभर त्याने डीनला चेंडू पुरवले होते. हाही पुरवला. गर्दीतून एक काळे कुरळे डोके वर आले आणि चेंडू जाळ्यात होता. ६०. त्यानंतर आर्सेनलने तिसरा गोल करून सामना ३-३ असा बरोबरीत सोडवला, पण तो पाहिला असे सांगणारा प्रेक्षक विरळाच असेल.

३९ साखळी सामन्यांत ६० गोल. संपूर्ण संघाने त्या हंगामात १०२ गोल केले, त्यांत एकट्याचे साठ. योगायोगाची गोष्ट म्हणजे आदल्याच वर्षी अमेरिकेत बेब रूथ याने बेसबॉलमध्ये नेमके साठच होमरन फटकावले होते. रूथचा आकडा १९६१ मध्ये ओलांडला गेला. आकड्यांच्या शोधकांना आणखी एक टिपण द्यायला हवे : त्याच १९२७-२८ मध्ये स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीत एअर युनायटेडच्या जिमी स्मिथने ३८ सामन्यांत ६६ गोल केले. आकडा डीनपेक्षा मोठा, हंगाम तोच, आणि तरीही स्मिथचे नाव आज फुटबॉलच्या अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाही. कोणत्या मैदानावर पराक्रम केला, यालाही नशीब लागते.

त्यानंतरची कथा चढउताराची आहे. दुखापतींनी डीनला गाठले आणि १९३० मध्ये एव्हर्टनची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. तो क्लब सोडून गेला नाही. पुढच्याच वर्षी ३९ गोल करून त्याने संघाला वर आणले, १९३१-३२ मध्ये ४५ गोल करून पुन्हा सर्वोच्च श्रेणीचे विजेतेपद मिळवून दिले आणि १९३३ मध्ये कर्णधार म्हणून एफ. ए. चषक उचलला. या चषकाच्या अंतिम सामन्यात प्रथमच खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक आले. एव्हर्टनला १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीला १२ ते २२. डीनच्या पाठीवर ९ होता. ३-० अशा विजयातला एक गोल त्याचा. आघाडीच्या मधल्या खेळाडूला आणि या आकड्याला जोडणारे नाते इंग्लंडमध्ये पुढे किती दृढ झाले, हे सांगायला नकोच.

शेजारच्या लिव्हरपूल क्लबचा गोलरक्षक एलिशा स्कॉट आणि डीन यांच्या चुरशीवर तर दंतकथाच रचल्या गेल्या. रस्त्यात समोरासमोर आल्यावर डीनने ओळखीचे हसू देत मान लववली आणि सवयीने स्कॉटने चेंडू अडवण्यासाठी थेट सूर मारला, ही त्यांतली सर्वांत लाडकी. खरी असो वा नसो, मर्सीकाठच्या माणसाला ती खोटी ठरवावीशी वाटत नाही. लिव्हरपूलविरुद्ध डीनचे १९ गोल मात्र कागदोपत्री आहेत.

एव्हर्टनसाठी त्याने ३९९ साखळी सामन्यांत ३४९ गोल केले. सर्व स्पर्धा धरून ४३३ सामन्यांत ३८३. हॅटट्रिक सदतीस. इंग्लंडसाठी १६ सामन्यांत १८ गोल. विश्वचषक मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. हौशी खेळाडूंना बुडालेल्या रोजगाराची भरपाई द्यावी की नाही, या वादातून इंग्लंडने १९२८ मध्ये फिफाचे सदस्यत्व सोडले होते आणि १९३०, १९३४ व १९३८ या तिन्ही विश्वचषकांत इंग्लंड नव्हतेच. खेळाच्या पदाधिकाऱ्यांचे हट्ट खेळाडूंच्या आयुष्याला कसे कात्री लावतात, हे काही केवळ आपल्याकडचे चित्र नाही.

आणि या साऱ्याचे मोल किती? आठवड्याला आठ पौंड. कमाल वेतनाचा नियम १९६१ पर्यंत होता. त्यामुळे साठ गोल करणाऱ्याला आणि सहा गोल करणाऱ्याला पगाराची मर्यादा एकच. गुडिसन पार्कवर त्याला पाहायला हजारो लोक तिकीट काढून येत. त्या पैशांतला त्याचा वाटा ठरलेला होता.

१९३७ च्या आरंभी सतरा वर्षांचा टॉमी लॉटन एव्हर्टनमध्ये दाखल झाला. डीनची जागा घेण्यासाठीच त्याला आणले आहे, हे दोघांनाही कळत होते. डीनने त्याला पंखाखाली घेतले, हवेत झेपावण्याचे आपले तंत्र हातचे न राखता शिकवले. व्यवस्थापनाशी मात्र त्याचे सूर जुळेनासे झाले. मार्च १९३८ मध्ये, तेरा वर्षांच्या सेवेनंतर, क्लबने त्याला नॉट्स काउंटीला विकून टाकले. किंमत पुन्हा ३००० पौंड, म्हणजे आणताना दिली होती तितकीच.

तिथे तो जेमतेम नऊ सामने खेळला. १९३९ मध्ये आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सने त्याला बोलावले. त्या छोट्या गावाने डीनला जे प्रेम दिले, ते त्याने अखेरपर्यंत जपले. तिथे त्याने संघाला आयरिश चषकाच्या अंतिम फेरीत नेले, सामना बरोबरीत राखणारा गोलही केला, पण फेरसामना हातचा गेला. उपविजेतेपदाचे पदकही चोरीला गेले. पुढे ३९ वर्षांनी, १९७८ मध्ये, स्लायगोचा अंतिम सामना पाहायला तो आयर्लंडला गेला असता हॉटेलच्या खोलीच्या दाराखालून कोणीतरी एक पुडके सरकवले. आत ते पदक होते. नाव नाही, चिठ्ठी नाही.

महायुद्धात त्याने सैन्यात सेवा केली. युद्धानंतर चेस्टरमध्ये डब्लिन पॅकेट नावाचे मद्यगृह सुमारे पंधरा वर्षे चालवले. पुढे एव्हर्टनचे अध्यक्ष जॉन मूर्स यांनी त्याला आपल्या लिटलवुड्स पूल्सच्या कार्यालयात पोर्टरची नोकरी दिली. फुटबॉल सामन्यांच्या निकालांवर लोकांनी लावलेल्या पैजांतून ही कंपनी अमाप श्रीमंत झाली होती. तिच्या दारातून आत येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते की, कागदपत्रे पोहोचवणारा हा उमदा गृहस्थ कोण आहे? डीनने कधी त्याची लाज बाळगली नाही आणि कधी कुरकुरही केली नाही. एप्रिल १९६४ मध्ये त्याच्या मदतीसाठी गुडिसन पार्कवर खास सामने झाले, तेव्हा सुमारे ३६ हजार लोक आले. त्यांतल्या अनेकांनी त्याला खेळताना पाहिलेले नव्हते.

१९७६ मध्ये रक्ताची गुठळी झाल्याने त्याचा उजवा पाय कापावा लागला. त्यानंतर मैदानावर जाणे दुर्मीळ झाले. १ मार्च १९८० रोजी एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांचा सामना होता आणि तो पाहण्यासाठी डीन गुडिसन पार्कवर आला. लिव्हरपूलने २-१ अशी बाजी मारली. त्याच दुपारी, त्याच मैदानावर, हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय ७३. वडिलांचे बोट धरून तो पासष्ट वर्षांपूर्वी पहिल्यांदा जिथे आला होता, तेच हे मैदान.

२००१ मध्ये गुडिसन पार्कबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. एव्हर्टनच्या पुरुष संघाने मे २०२५ मध्ये तिथे आपला शेवटचा सामना खेळला आणि नदीकाठच्या जुन्या गोदीच्या जागी बांधलेल्या नव्या स्टेडियमकडे मुक्काम हलवला. तिथून पाण्यापलीकडे पाहिले की बर्कनहेड दिसते.